अशोक कोणता, आपटा कोणता?

पर्जन्यकाळाच्या तोंडावर गावोगावच्या मंदिरांत वृक्षारोपणाचे संकल्प होतात आणि बहुधा मिळेल ते रोप आणून लावले जाते. रोप घेताना आपण नाव विचारतो, झाड पारखीत नाही. पूजेत ज्यांचे स्थान आहे अशा वृक्षांविषयीच ही गल्लत अधिक होते, म्हणून हा लेखनप्रपंच.

‘अशोक’ म्हणून दारोदारी उभा असलेला उंच, सरळ, लोंबत्या व नागमोडी कडांच्या पानांचा वृक्ष हा पुराणप्रसिद्ध अशोक नव्हे. सीतेचा अशोक मध्यम उंचीचा व दाट सावलीचा. वसंतात त्याच्या जुन्या फांद्यांवरच नारिंगी फुलांचे झुबके येतात व पुढे ते लाल होत जातात. औषधाकरिता सालीला मोठी मागणी असल्यामुळे रानातील झाडे सोलली गेली आणि हा वृक्ष आज दुर्मीळ झाला आहे. देवळापुढील खुरचाफा मूळचा अमेरिकेचा आणि गुलमोहर मादागास्करचा. (खुरचाफा उपटावा असे मुळीच म्हणणे नाही, पिढ्यानपिढ्या देवाला फुले देऊन तो आपलाच झाला आहे. नवे लावावयाचे तर मात्र सोनचाफा लावावा.)

विजयादशमीस तर बाजारात आपट्याच्या नावाने कांचनाच्या फांद्या सर्रास येतात. आपट्याचे पान लहान, जाडसर आणि लांबीपेक्षा रुंदीस अधिक. कांचनाचे पुष्कळ मोठे. आपट्याची फुले बारीक व फिकट, कांचनाची मोठी व बहुधा जांभळट. सोने लुटण्यासाठी झाडे दरवर्षी ओरबाडली जातात. बी पेरणारा मात्र क्वचितच आढळतो. हे आपणांस शोभते काय?

झाड ओळखले तरी भूमी पाहिलीच पाहिजे. आपल्या बेळगाव जिल्ह्यातच केवढे अंतर! मलप्रभेचे उगमस्थान असलेल्या कणकुंबीस वर्षाकाठी काही हजार मिलिमीटर पाऊस पडतो. अथणीस तो सहाशेच्या आतबाहेर. खानापूरकडील ओलाव्यात सीतेचा अशोक, सुरंगी, नागचाफा, बकुळ हे वृक्ष सुखाने वाढतील. तेच अथणी-रायबागच्या माळावर लावणे म्हणजे रोपाचा छळ होय. तेथे शमी, आपटा, बेल, बोर लावावेत. शमी घेताना काळजी घ्यावी, कारण परदेशातून आलेली वेडी बाभूळ तिच्याच गोत्रासारखी दिसते आणि एकदा माळ व्यापला की हटत नाही.

वनखात्याच्या रोपवाटिकांत पावसाळ्यापूर्वी अल्प किमतीत रोपे मिळतात. पिशवीच्या तळाशी मुळांची गुंडाळी झालेले रोप घेऊ नये. परंतु आपल्याच परिसरातील जुन्या झाडाचे बी सर्वांत उत्तम. तेथील पाणी-हवा त्याने सोसलेली असते. जांभळाचे बी फळ खाल्ल्यावर लगेच पेरावे, वाळले की ते रुजत नाही. शमी व आपटा यांचे बी कठीण कवचाचे; ते गरम पाण्यात टाकून रात्रभर भिजू द्यावे. एक हात खोल खड्डा, शेणखत, आणि जमीन मुरेपर्यंत पाऊस झाल्यावर लागवड. निदान दोन उन्हाळे पाणी घालणारा माणूस आधी ठरवावा. ते न ठरल्यामुळेच बहुतेक रोपे जातात.

वड, पिंपळ आणि उंबर हे देवळाच्या भिंतीपासून दूर लावावेत. त्यांची मुळे दगडांचे सांधे कशी उकलतात, हे आपल्याकडील कोणत्याही पडक्या देवळात पाहावयास मिळते.