ढाबळीतील पिल्लांचे प्रौढ कबुतरांपासून संरक्षण

ढाबळीतील पिल्लू तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात डोक्याची कातडी सोललेल्या अवस्थेत आढळले, की दोष सहसा मांजर वा घुशीला दिला जातो. मात्र टाळू आणि मानेच्या मागील भागावर एकवटलेली जखम अनेकदा ढाबळीतीलच प्रौढ कबुतराच्या चोचीने झालेली असते. कबुतराचा स्वभाव हे त्याचे मूळ नव्हे. मूळ ढाबळीच्या रचनेत असते.

हल्ला का होतो?

कबुतराची मादी बहुधा दोन अंडी घालते व १७-१८ दिवसांत पिल्ले बाहेर येतात. पहिले काही दिवस नर-मादी दोघेही अन्नपिशवीत तयार होणारा दुधासारखा स्राव पिल्लांना भरवतात. पिल्ले दोन-तीन आठवड्यांची होताच जोडी पुढच्या अंड्यांच्या तयारीला लागते आणि जागा एकच असेल, तर मोठी पिल्ले आईबापांनाच अडथळा वाटू लागतात. त्याच सुमारास पिल्ले कप्प्याबाहेर डोकावू लागतात व भूक लागली की समोर येईल त्या कबुतराकडे पंख फडफडवत चारा मागतात. शेजारचा नर मात्र त्याला आपल्या घरट्यावरील अतिक्रमण समजतो व चोचीने टोचतो. पिल्लाला उडता येत नसल्याने ते पळू शकत नाही.

माशीचा वाटा

कबुतर माशी (स्यूडोलिंकिया कॅनेरिएन्सिस) ही चपट्या अंगाची, पिसांखाली झपाट्याने सरकणारी रक्तशोषक माशी आहे. ती कबुतरांत हिमोप्रोटियस कोलंबी या रक्तातील परजीवीचा प्रसार करते, हे सर्जेंट बंधूंनी १९०६ मध्ये अल्जीरियात दाखवून दिले. ही माशी अंडी घालत नाही. पूर्ण वाढलेली अळीच बाहेर टाकते आणि तिचा लगेच कोष बनतो. मोहरीहून थोडे मोठे, काळे चकचकीत कोष घरट्यातील काडीकचऱ्यात सापडतात. रक्तशोषणाने अशक्त व अस्वस्थ झालेले पिल्लू घरट्यात स्वस्थ बसत नाही आणि मार चुकवण्याइतके त्राणही त्याच्यात उरत नाही. झाशी जिल्ह्यातील बबीनासारख्या भागात मे-जूनमध्ये पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. तेथे पत्र्याखालच्या कप्प्यातील उकाडाही पिल्लांना कडेकडे ढकलतो.

उपाय

१. प्रत्येक जोडीला सुमारे ६० सें.मी. रुंद, ४० सें.मी. खोल व तितकाच उंच स्वतंत्र कप्पा द्यावा आणि त्यात दोन घरटी-ताटल्या ठेवाव्यात. म्हणजे नवी अंडी व जुनी पिल्ले वेगळी राहतात.

२. कप्प्याच्या पुढील बाजूस १०-१२ सें.मी. उंचीची फळी ठोकावी. जमिनीवर भिंतीला टेकून एक तिरकी फळी ठेवावी. खाली पडलेल्या पिल्लाला तिच्या आड लपता येते.

३. जोडीविना राहिलेले नर विणीच्या ढाबळीतून हलवावेत. बसण्याच्या जागा पक्ष्यांच्या संख्येपेक्षा अधिक असाव्यात.

४. पिल्ले स्वतः दाणे टिपू व पाणी पिऊ लागली, की साधारण २८ ते ३५ दिवसांच्या वयात त्यांना जाळीने वेगळ्या केलेल्या खोलीत हलवावे. पहिल्या दिवशी चोच पाण्यात बुडवून पाण्याची जागा दाखवावी.

५. दर १५ दिवसांनी घरट्यातील कचरा काढून जाळावा. माशीचे कोष उमलण्यास सुमारे चार आठवडे लागतात. त्याआधीच त्यांचा नाश होतो. छतावर गवताचे आच्छादन घालावे.

जखमी पिल्लू

जखमी पिल्लास तत्काळ वेगळे करावे. जखम मिठाच्या कोमट पाण्याने धुऊन पोव्हिडोन आयोडीन लावावे आणि माश्या बसू नयेत म्हणून पेटीवर बारीक जाळी टाकावी, अन्यथा जखमेत अळ्या पडतात. कातडी मोठ्या प्रमाणात सोलली असल्यास पशुवैद्यकाकडे न्यावे. शेतातील कीटकनाशके ढाबळीत वा पिल्लांच्या अंगावर कदापि फवारू नयेत. माशी मारण्याच्या घाईत पिल्लूच दगावते. औषध व त्याची मात्रा पशुवैद्यकानेच ठरवावी.

आक्रमक वाटणारे कबुतर विकून टाकण्यापूर्वी त्याचा कप्पा एकदा मोजून पाहावा. जागा अपुरी असेल, तर त्याच्या जागी येणारे दुसरे कबुतरही तसेच वागेल.