बिल्लेवाला मासा

समजा, अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यालगत एक हौशी मासेमार गळ टाकून बसला आहे. गळाला शार्क लागतो. होडीच्या कडेशी ओढून घेतल्यावर दिसते, की माशाच्या पाठीवरील पराच्या बुडाशी एक बारीक कुपी लोंबते आहे. कुपीत गुंडाळलेली चिठ्ठी आहे. तिच्यावर क्रमांक आहे आणि कुठे कळवावे याची सूचना आहे. आता त्याने काय करावे?

ही कुपी म्हणजे माशाला लावलेला बिल्ला. अमेरिकेतील मत्स्यसंशोधकांनी १९६२ साली हौशी व धंदेवाईक मासेमारांच्या मदतीने शार्कना बिल्ले लावण्याचे काम सुरू केले. आरंभी शंभरही मदतनीस नव्हते. १९६२ ते २०१३ या काळात २,२९,८१० मासे बिल्ला लावून सोडले गेले. त्यांपैकी १३,४१९ पुन्हा सापडल्याचे कळले. म्हणजे शंभरांत जेमतेम सहा! म्हणूनच प्रत्येक खबर मोलाची.

खबर देताना बिल्ल्याचा क्रमांक, तारीख, ठिकाण, माशाची लांबी आणि तो नर की मादी, हे कळवायचे. मासा सोडला तेव्हाची नोंद संशोधकांपाशी असतेच. दोन्ही नोंदी शेजारी ठेवल्या, की गणित मांडता येते. सोडताना ९० सेंटिमीटर असलेला मासा पाच वर्षांनी ११५ सेंटिमीटर भरला, तर त्याची वाढ वर्षाला सरासरी ५ सेंटिमीटर झाली. अंतर मात्र जपून वाचावे. दोन ठिकाणांमधील अंतर म्हणजे कमीत कमी प्रवास. प्रत्यक्षात मासा किती भटकला, हे बिल्ला सांगत नाही.

या नोंदींतून एका निळ्या शार्कचा ३,९९७ सागरी मैलांचा, म्हणजे सुमारे ७,४०० किलोमीटरचा प्रवास उघड झाला. सँडबार जातीचा एक शार्क तर बिल्ला लावल्यावर २७ वर्षांहून अधिक काळाने सापडला!

आणि खबर दिलीच नाही तर? एका तळ्याचे उदाहरण घेऊ. तळ्यात २०० मासे बिल्ले लावून सोडले. ते इतरांत मिसळल्यावर १०० मासे पकडले, त्यांत १० बिल्लेवाले निघाले. म्हणजे दहांत एक. तेव्हा तळ्यात सुमारे २,००० मासे असावेत. पण पकडणाऱ्याने पाच बिल्ले गंमत म्हणून खिशात टाकले, तर हिशेबात पाचच येतील आणि उत्तर निघेल ४,०००! समुद्राचे गणित याहून अवघड आहे. तेथे मासे येतात-जातात, मरतात, काही बिल्ले गळूनही पडतात. तरी चूक होते ती याच दिशेने. मासे कागदावर वाढतात, त्या भरवशावर मासेमारी वाढते आणि पाण्यातले मासे मात्र घटत जातात.

बिल्ले माशांनाच लावतात असे नाही. ओडिशाच्या किनाऱ्यावर २०२१ साली बिल्ला लावलेली ऑलिव्ह रिडले कासवीण २०२५ साली आपल्या गुहागरच्या किनाऱ्यावर अंडी घालताना आढळली. पाहणाऱ्यांनी क्रमांक टिपून घेतला, म्हणूनच पूर्व किनाऱ्यावरील कासव पश्चिम किनाऱ्यावरही अंडी घालते, हे कळले.

तेव्हा आपल्या मासेमाराने काय करावे, हे आता सांगायला नको. बिल्ला लावणाऱ्याने अर्धेच वाक्य लिहिलेले असते. ते पुरे करणे सापडणाऱ्याच्या हाती असते.