पॅड, कापड की कप? मनू, आधी तुझा दिवस सांग

मनू,

"ताई, कप घेऊ का?" एवढंच विचारून तू थांबलीस, पण त्या प्रश्नामागे काय काय साठलंय ते मला कळतंय. पॅडने मांड्या घासून सोलवटतात. दर महिन्याला शंभर-सव्वाशे रुपये जातात. वापरलेला पॅड नोकरीच्या शाळेत टाकायचा कुठे, हा घोर वेगळाच. मोबाइलवर एखादी सांगते की कप घेतला आणि सगळं सोपं झालं, आणि इकडे मावशी म्हणते, आमचा जन्म कापडावर गेला, आम्हाला काय झालं? दोघी आपापल्या जागी खरं बोलतात. पण त्यांचा दिवस आणि तुझा दिवस एक नाही, म्हणून आधी तुझ्या दिवसाचं बोलू.

सकाळी सातची एसटी. शाळेत बायकांना मिळून एकच संडास, त्यात नळ आहे पण पाणी कधी असतं, कधी नसतं. कडी नीट लागत नाही, म्हणून एकीने बाहेर उभं राहायचं. संध्याकाळी घरी पोचेपर्यंत सहा. घरी न्हाणीघर आहे, पाणीही आहे, पण दोरी गॅलरीत, सगळ्यांच्या नजरेसमोर. हे सगळं कुठल्याही वस्तूच्या पाकिटावर लिहिलेलं नसतं, आणि निवड तर यावरच ठरते. तीनही पर्यायांना काही ना काही कटकट आहेच. पॅडची कटकट टाकताना, कापडाची धुताना आणि वाळवताना, कपची शिकताना. यातली कुठली कटकट तुझ्या घरात आणि तुझ्या शाळेत निभेल, एवढंच आपल्याला शोधायचंय.

पॅडपासून सुरुवात करते, कारण तू ते वापरतेस आणि हल्ली त्याबद्दल उगाच अपराधी वाटून घेतेस. अजिबात वाटून घेऊ नकोस. आपल्याकडच्या कितीतरी मुलींना पॅडमुळे पाळीतही शाळेत जाणं सोपं झालं. अचानक पाळी आली तर कुठल्याही मेडिकलमध्ये मिळतो, लावायला शिकावं लागत नाही, पाणी नसलं तरी बदलता येतो. २०१८ च्या जुलैत त्यावरचा १२ टक्के जीएसटी गेला, आणि जनऔषधी केंद्रांत 'सुविधा' नावाचा पॅड २०१९ पासून एक रुपयाला एक मिळायला लागला. पैशाची ओढ असेल तेव्हा ते केंद्र लक्षात ठेव.

मांड्या सोलवटतात त्याचं कारण मात्र बघू या. बाजारातल्या बहुतेक पॅडचा वरचा जाळीदार पापुद्रा प्लास्टिकचा असतो, मध्ये लाकडाच्या लगद्याचा कापूस आणि ओल धरून जेल होणारी पूड, खाली पुन्हा प्लास्टिक. हे घालून उन्हाळ्यात तासन्‌तास बसलं की घाम कोंडतो. वरचा थर सुती असलेला, वास नसलेला पॅड आधी वापरून बघ. सुगंधी पॅड तर सरळ बंद कर, नाजूक त्वचेला त्या वासाचा काही उपयोग नाही, झालीच तर आग होते. आणि भरला नाही म्हणून सकाळचा पॅड संध्याकाळपर्यंत ठेवत जाऊ नकोस; चार ते सहा तासांत बदलायचा. कदाचित तुझा निम्मा त्रास एवढ्यानेच जाईल आणि बाकी काही बदलायची गरजच उरणार नाही. तसं झालं तर छानच.

टाकायचं मात्र नीट शिकून घे. हे मी अगदी कळकळीने सांगतेय. पुण्यात 'स्वच्छ' ही कचरावेचक बायकांची सहकारी संस्था आहे. घरोघरचा कचरा या बायका हाताने वेगळा करतात, आणि त्यांच्या हाताला आपले उघडे पॅड लागतात. त्यांनी 'रेड डॉट' नावाची मोहीम काढली: वापरलेला पॅड वर्तमानपत्रात गुंडाळा, वर लाल ठिपका काढा आणि वेगळा द्या, म्हणजे तो उघडून बघायची वेळ आमच्यावर येणार नाही. इतकं साधं मागणं आहे त्यांचं. २०१६ च्या घनकचरा नियमांनी पॅड बनवणाऱ्यांना प्रत्येक पॅडसोबत गुंडाळायला पिशवी द्यायला सांगितली होती. देत असतील तर ती वापर, नसतील तर कागद आहेच. संडासात टाकून पाणी ओतायचं नाही, पॅड फुगतो आणि पाइप तुंबतो. शाळेतही मुख्याध्यापकांकडे झाकणाचा डबा मागून घे. लाजू नकोस. तो डबा तुझ्याबरोबर मोठ्या मुलींनाही लागणार आहे.

आता मावशीचं कापड. जुन्या सुती साडीचं मऊ कापड चांगलंच असतं, त्यात वाईट काही नाही. वाईट होतं ते त्याला लपवण्यामुळे. धुतलेलं कापड परकराच्या आड, पलंगाखाली, न्हाणीघराच्या कोपऱ्यात वाळत घालायचं, म्हणजे ते पुरतं वाळतच नाही, आणि दमट कापडाने खाज, पुरळ, जंतुसंसर्ग होतो. शिवाय हल्ली घरात जुनी म्हणून निघते ती साडी सिंथेटिक. ती शोषत नाही, नुसती ओली राहते. कापडच वापरायचं तर शिवलेले कापडी पॅड घे, पंखांना बटण असलेले. ऑरोविलचा 'इको फेम' हा उपक्रम ते बरीच वर्षं बनवतोय, आपल्याकडचे कितीतरी बचतगटही शिवतात. धुताना आधी गार पाण्यात भिजव. गरम पाणी पहिल्यांदा घातलंस तर डाग पक्का बसतो. मग साबण, आणि शेवटी कडक ऊन. टॉवेलशेजारी, गॅलरीतल्या त्याच दोरीवर, उघड्यावर. हे तुझ्या घरात चालेल का, याचं उत्तर तुलाच ठाऊक. चालणार नसेल तर कापड तुझ्यासाठी नाही, मग ते कितीही पर्यावरणाला चांगलं असो. पावसाळ्यात चार-चार दिवस ऊन पडत नाही, तेव्हाचाही विचार कर. रविवारी, सुट्टीत, रात्री झोपताना मात्र कापडी पॅडसारखं सुख नाही, त्यामुळे दोन-तीन घरात असू दे.

आणि ज्यांच्या दिवसात पाणीच नाही, आडोसाच नाही, त्यांचं काय? बीडकडच्या ऊसतोड बायकांची गर्भाशयं मोठ्या संख्येने काढली गेल्याचं २०१९ मध्ये सगळीकडे छापून आलं, सरकारने समिती नेमली. फडावर बारा-बारा तास काम, खाडा पडला तर उचलीतून पैसे कापले जाणार, राहायला पालाची झोपडी, संडास नाही. कुठला पॅड घ्यावा, कुठला कप, हा विचार त्यांच्यापर्यंत पोचतच नाही. आपल्याला निवड करता येतेय, तर ती घाईत आणि कुणाच्या तरी सांगण्यावरून करू नये असं मला फार वाटतं.

आता तुझा कप. मला विचारशील तर तुझ्या नोकरीला तोच जास्त सोयीचा दिसतो, आणि कारण शाळेचा तो नळ. कप दहा-बारा तास ठेवता येतो. सकाळी घरी घालायचा, संध्याकाळी घरी काढायचा, मधे शाळेत काहीही करायचं नाही. पाणी लागतं ते घरच्या न्हाणीघरात, आणि तिथे ते आहे. अंगावर खूप जात असेल त्या दिवशी मात्र बारा तास निघणार नाहीत. तेव्हा आत कप आणि वर एक पातळ कापडी पॅड.

कपबद्दल जगभर झालेल्या ४३ अभ्यासांचा एकत्र आढावा २०१९ मध्ये 'लॅन्सेट पब्लिक हेल्थ'मध्ये आला होता, त्यात सुमारे ३,३०० बायका-मुली होत्या. गळतीच्या बाबतीत कप पॅडइतकाच किंवा थोडा सरस निघाला, आणि वापरून बघितलेल्यांपैकी सुमारे ७० टक्के जणींना तो पुढे चालू ठेवायचा होता. म्हणजे उरलेल्या जणींना नको होता, हेही त्याच वाक्यात वाच. सवय व्हायला काही महिने जातात असंही त्यात म्हटलंय. पहिल्याच पाळीत जमलं नाही म्हणून रडू नकोस आणि कप कपाटात टाकू नकोस. दोन-तीन पाळ्या दे.

विकत घेताना 'मेडिकल ग्रेड सिलिकॉन' लिहिलंय ना ते बघ. फार स्वस्तातला, बनवणाऱ्याचं नावगाव नसलेला घेऊ नकोस. तुझं बाळंतपण झालेलं नाही, तर बहुधा लहान आकार लागेल. पण त्याआधी एक कर: पाळीच्या दिवसांत हात स्वच्छ धुऊन, बोटाने गर्भाशयाचं तोंड किती आत आहे ते चाचपून बघ, नाकाच्या शेंड्यासारखं टणक लागतं. बोटाच्या दुसऱ्या पेराच्या आधीच लागलं तर आखूड कप घे. आपल्याला आपलं शरीर असं कुणी शिकवलेलंच नाही, म्हणून सुरुवातीला अवघड वाटेल. वाटू दे.

पहिल्यांदा सुट्टीच्या दिवशी घाल, शाळेच्या दिवशी नको. कप पातेल्यात भरपूर पाण्यात पाच मिनिटं उकळ, तळाला टेकून राहू देऊ नकोस, नाहीतर करपतो. ते पातेलं वेगळंच ठेव, म्हणजे घरात कुणी नाक मुरडणार नाही. उकिडवी बस किंवा एक पाय स्टुलावर ठेव. कपची कड बोटाने आत दाबून चोच केल्यासारखी घडी घाल आणि सरळ वर न ढकलता कंबरेच्या, माकडहाडाच्या दिशेने सरकव. आत गेल्यावर तो उघडला पाहिजे. बोट फिरवून बघ, घडी राहिली असेल तर बुडाशी धरून जरा वळव. घडी तशीच राहिली की गळतं. कप गळतो म्हणणाऱ्या पुष्कळ जणींचं दुखणं एवढंच असतं. काढताना शेपटी धरून ओढायचं नाही, कधीच नाही. खालच्या जाड बुडाला दोन बोटांनी चिमटा घे, आतली पकड सुटते, मग हलकेच डावीकडे-उजवीकडे करत बाहेर काढ. नखं कापलेली हवीत. निघत नाहीये असं वाटलं तर घाबरू नकोस, आत कुठे हरवायला जागा नाही. थोडा वेळ थांब, श्वास सोड, प्रसाधनाला बसल्यासारखा जोर लाव, खाली येतो.

आणखी एक फायदा आहे, तो डॉक्टरकडे उपयोगी पडतो. बऱ्याच कपांवर मापाच्या रेघा असतात. साधारण एका पाळीत सगळं मिळून ३० ते ४० मिलीलीटर रक्त जातं, ८० च्या वर गेलं तर ते जास्त मानतात. कपमध्ये इतर स्रावही असतो, त्यामुळे आकडा थोडा फुगलेला दिसेल, तरी दर पाळीला कप सारखा तुडुंब भरत असेल तर हिमोग्लोबिन तपासून घे. तुला जिना चढताना लागणारी धाप मला केव्हाची खटकतेय.

मावशी पडद्याचं विचारेल. लग्न व्हायचंय, आत काही घालू नको म्हणेल. तिच्यावर चिडू नकोस, तिला जे सांगितलं गेलं तेच ती सांगते. तो पडदा म्हणजे ताणणारी, मुळात मोकळ्या तोंडाची घडी असते, प्रत्येकीची वेगळी. कपमुळे ती ताणली जाईल, कदाचित थोडी फाटेलही, आणि त्यावरून कुणाच्या चारित्र्याबद्दल काहीही ठरत नाही. सेवाग्रामच्या डॉ. इंद्रजित खांडेकरांनी पाठपुरावा केला आणि नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाने २०१९ मध्ये 'कौमार्याची लक्षणं' हा विषय वैद्यकीय अभ्यासक्रमातून काढून टाकला. डॉक्टरांच्या पुस्तकातून जे गेलं ते आपल्या स्वयंपाकघरात कशाला जपायचं? मावशीला हे सांग, शांतपणे सांग. तरीही तुला स्वतःला आतून नको वाटत असेल, तर नको. ते कारण पुरेसं आहे, कुणाला पटवून द्यायची गरज नाही.

तांबी बसवलेली असेल, अंग बाहेर येत असेल, योनीत जंतुसंसर्ग असेल किंवा नुकतंच बाळंतपण झालं असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय कप नाही; तुझ्या मैत्रिणींना हे सांगून ठेव. आणि कप आत असताना एकदम जोराचा ताप, उलट्या, अंगावर लाल पुरळ, चक्कर असं झालं तर कप काढून लगेच दवाखाना. फार क्वचित होतं, पण माहीत असावं.

पैशाचं गणित सोपं आहे. महिन्याला पंधरा पॅड, एक आठ रुपयांना धर, तर वर्षाला १,४४० रुपये. कप तीन-चारशेला येतो आणि नीट ठेवला तर कितीतरी वर्षं जातो. मानवला नाही तर तीन-चारशे गेले, एवढाच धोका. पाळी संपली की उकळून, कोरडा करून सुती पिशवीत ठेव, हवाबंद डबीत नाही.

घरातल्या छकुलीसाठी मात्र आत्ता काही बदलू नकोस. आठवीतली पोर, पाळी सुरू होऊन वर्षही झालेलं नाही, तिला पॅडच बरे. तिच्या दप्तरात दोन पॅड, कागद आणि एक जादा निकर ठेव, आणि शाळेत अचानक आली तर कुठल्या बाईंना सांगायचं ते तिच्याशी आधीच बोलून ठेव.

तुझी,
ताई