डॉक्टरांच्या साहाय्यकांची निवड : अमेरिकेतील प्रवेशपद्धतीचा परिचय

१९६५ साली अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलिना राज्यातील डरहॅम येथे, ड्यूक विद्यापीठात एका नव्या अभ्यासक्रमास आरंभ झाला. विद्यार्थी होते अवघे चार आणि चौघेही नौदलाच्या वैद्यकीय सेवेतून परतलेले. डॉक्टरांची टंचाई, त्यातही ग्रामीण भागातील टंचाई, त्या वेळी अमेरिकेस तीव्रतेने जाणवत होती. दुसरीकडे, जखमा शिवणे, औषधे देणे, तातडीच्या प्रसंगी रुग्णाचे प्राण वाचवणे अशी कामे लष्करात वर्षानुवर्षे केलेली माणसे घरी परतत होती आणि नागरी जीवनात त्यांच्या कौशल्यास कोठेही स्थान नव्हते. या दोन्ही गोष्टींची सांगड घालून ड्यूक विद्यापीठाचे डॉ. यूजीन स्टेड यांनी हा अभ्यासक्रम सुरू केला. चारांपैकी तिघे १९६७ मध्ये उत्तीर्ण झाले. ‘फिजिशियन असिस्टंट’ म्हणजे डॉक्टरांचा साहाय्यक, या व्यवसायाचा उगम हा असा आहे. रुग्णास तपासणे, निदान करणे, औषधयोजना लिहून देणे ही कामे डॉक्टरांच्या सहकार्याने आणि त्या त्या राज्याच्या कायद्याच्या मर्यादेत हे साहाय्यक करतात.

या पहिल्या विद्यार्थ्यांच्या निवडीत पुस्तकी गुणांपेक्षा रुग्णाच्या खाटेशी उभे राहून मिळवलेला अनुभव मोलाचा मानला गेला होता. पुढे १९६९ मध्ये सिअ‍ॅटल येथील वॉशिंग्टन विद्यापीठात डॉ. रिचर्ड स्मिथ यांनी ‘मेडेक्स’ हा कार्यक्रम सुरू केला. तेथे तर निवडीतच ग्रामीण भागातील डॉक्टरांना सहभागी करून घेण्यात आले. उमेदवाराने काही महिने विद्यापीठात शिकावयाचे आणि त्यानंतर वर्षभर ज्या डॉक्टरच्या हाताखाली काम करावयाचे, त्याच डॉक्टरने त्याला पारखून घ्यावयाचे, अशी ही योजना होती. साहाय्यक कोठे जाणार हे शिक्षणाच्या शेवटी न ठरता आरंभीच ठरत असे. या पद्धतीतील व्यवहारी शहाणपण आजही लक्षात घेण्याजोगे आहे.

गेल्या अर्धशतकात चित्र पालटले. हा अभ्यासक्रम आता पदव्युत्तर पातळीवर गेला असून २०२० अखेरपासून प्रवेश घेणाऱ्यांस पदव्युत्तर पदवी देणे मान्यताप्राप्त कार्यक्रमांवर बंधनकारक झाले. देशात असे तीनशेहून अधिक कार्यक्रम आहेत. साधारणपणे सव्वादोन वर्षांचे शिक्षण, त्यात आधी वर्गातील अध्यापन व नंतर विविध रुग्णविभागांतील प्रत्यक्ष काम, असा क्रम असतो. जागांच्या तुलनेत अर्ज कितीतरी अधिक येत असल्याने निवडीची पद्धत हळूहळू काटेकोर व किचकट होत गेली.

अर्ज आणि त्याची छाननी

२००१ पासून बहुसंख्य कार्यक्रमांसाठी एकच मध्यवर्ती अर्जसेवा आहे. उमेदवार एक अर्ज भरतो व तो हव्या तितक्या संस्थांकडे पाठवतो, मात्र प्रत्येक संस्थेगणिक शुल्क वाढत जाते. उमेदवाराने महाविद्यालयात घेतलेल्या प्रत्येक विषयाचे गुण ही सेवा पडताळून पाहते. एखाद्या विषयात अनुत्तीर्ण होऊन तो विषय पुन्हा उत्तम गुणांनी पार केला असला, तरी सरासरी काढताना दोन्ही वेळचे गुण धरले जातात. अठराव्या वर्षी झालेली घसरण तिशीतही पाठ सोडत नाही, असा याचा अर्थ. चार गुणांच्या श्रेणीपैकी किमान तीन ही सर्वसाधारण अट असते. शरीररचना, शरीरक्रिया, सूक्ष्मजीवशास्त्र, रसायनशास्त्र, संख्याशास्त्र हे विषय आधीच पूर्ण केलेले असावे लागतात. काही संस्था लेखी चाचणीही मागतात, तर अनेक संस्था मागत नाहीत. आपल्याकडे वैद्यकीय प्रवेशासाठी ‘नीट’ या एका परीक्षेला जे निर्णायक स्थान आहे, तसे कोणत्याही एका परीक्षेला तेथे नाही.

गुणांखालोखाल, आणि काही ठिकाणी गुणांच्या बरोबरीने, पाहिला जातो तो रुग्णसेवेचा अनुभव. तो तासांत मोजतात. काही संस्था ५०० तासांवर समाधान मानतात, तर काही २,००० तासांचा आग्रह धरतात. पूर्णवेळ नोकरीच्या हिशेबाने हे सुमारे एक वर्ष होते. येथे एक बारकावा आहे. रुग्णाला प्रत्यक्ष हात लावून केलेले काम वेगळे आणि रुग्णालयात राहून केलेले इतर काम वेगळे धरले जाते. रुग्णवाहिकेवरील तंत्रज्ञ, रुग्णास उठवणारा-बसवणारा शुश्रूषा साहाय्यक, रक्त काढणारा कर्मचारी हे पहिल्या वर्गात मोडतात. नोंदणीच्या खिडकीवर बसणारा दुसऱ्या. डॉक्टर तपासत असताना टिपणे घेणाऱ्या लेखनिकास कोणत्या वर्गात घालावे, याबाबत मात्र संस्थासंस्थांत एकमत नाही. कामावर असलेल्या साहाय्यकाच्या मागे राहून त्याचे काम नुसते पाहणे, स्वयंसेवा, शिफारसपत्रे आणि ‘हा व्यवसाय का निवडला’ याविषयीचे निवेदन यांचीही भर असते. निवेदनास पाच हजार अक्षरांची मर्यादा आहे.

किमान अटी पूर्ण न करणारे अर्ज पहिल्या चाळणीत बाजूला पडतात. उरलेले अर्ज अध्यापक ठरावीक निकषांच्या आधारे वाचतात व गुणांकन करतात. आपले निकष आधी प्रसिद्ध करणे व ते सर्व उमेदवारांना सारखेच लावणे, हे मान्यता देणाऱ्या मंडळाने बंधनकारक केले आहे. अनेक संस्था अर्ज येतील तसतसे निर्णय देत जातात. अशा ठिकाणी मुदतीच्या शेवटच्या दिवशी आलेल्या चांगल्या अर्जापुढेही जागा थोड्याच उरलेल्या असतात.

मुलाखत

शेवटची पायरी मुलाखतीची. पूर्वी एक-दोन अध्यापकांसमोर अर्धा तास बसणे, एवढेच तिचे स्वरूप असे. मुलाखत घेणाऱ्याच्या आवडीनिवडीचा, उमेदवाराच्या बोलण्याच्या ढबीचा अशा वेळी निकालावर परिणाम होतो, हा अनुभव सार्वत्रिक आहे. यावर उपाय म्हणून कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठाच्या वैद्यकीय शाखेने या शतकाच्या आरंभी अनेक लहान मुलाखतींची पद्धत विकसित केली व ती अमेरिकेतील साहाय्यकांच्या अनेक कार्यक्रमांनीही स्वीकारली. उमेदवार एका दालनातून दुसऱ्या दालनात जातो. प्रत्येक ठिकाणी निराळा परीक्षक, निराळा प्रसंग आणि मोजकी मिनिटे. आईला कर्करोग झाल्याचे तिला सांगू नका, असा मुलगा हट्ट धरतो आहे, तर तुम्ही काय कराल? सहकाऱ्याने औषधाची मात्रा चुकवल्याचे लक्षात आले, तर कोणाला सांगाल? एका परीक्षकाचा पूर्वग्रह अशाने आठ-दहा मतांत विरून जातो. उत्तराबरोबरच उमेदवार समोरच्याचे ऐकून घेतो की नाही, हेही पाहिले जाते.

निवडीचा परिणाम कोणावर?

पद्धत अशी विचारपूर्वक आखलेली असली तरी तिच्यातून कोण आत येते, हा प्रश्न उरतोच. अनुभवाचे तास बहुधा अल्प वेतनाच्या कामातून जमवावे लागतात. ज्याला घरातून आधार आहे तो वर्षभर असे काम करू शकतो व दहा संस्थांचे शुल्कही भरू शकतो. कुटुंब पोसणाऱ्यास हे दोन्ही जड जाते. ज्या अनुभवी सैनिकी शुश्रूषकांसाठी हा व्यवसाय उभा राहिला, त्यांना आता आधी चार वर्षांची पदवी मिळवणे भाग पडते. उलट, या व्यवसायात आज स्त्रियांचे प्रमाण दहांत सुमारे सात आहे. आरंभीच्या पुरुषी वर्गांच्या तुलनेत हा बदल मोठाच म्हणावा लागेल.

ग्रामीण भागात वाढलेला विद्यार्थी ग्रामीण भागात काम करण्याची शक्यता अधिक असते, असे अनेक देशांतील अभ्यासांतून दिसून आले आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१० च्या आपल्या मार्गदर्शक शिफारशींत ग्रामीण पार्श्वभूमीच्या विद्यार्थ्यांना प्रवेशात प्राधान्य देण्यास सांगितले, ते याच कारणाने. आपल्याकडे ‘आशा’ स्वयंसेविका त्याच गावची रहिवासी असावी ही अट ज्या हेतूने घातली गेली, तोच हेतू येथेही आहे. म्हणून काही अमेरिकी संस्था ग्रामीण किंवा वंचित पार्श्वभूमी, घरातील पहिलाच पदवीधर असणे, सैन्यातील सेवा यांना छाननीत अधिक वजन देतात. वंशाच्या बाबतीत मात्र तेथील कायदा निराळ्या दिशेने गेला. १९७८ च्या बाकी खटल्यात, वैद्यकीय महाविद्यालयाने शंभरांपैकी सोळा जागा राखून ठेवणे तेथील सर्वोच्च न्यायालयाने अमान्य केले, परंतु वंश हा अनेक घटकांपैकी एक म्हणून विचारात घेण्यास मुभा दिली. २०२३ च्या निकालाने तीही मुभा काढून घेतली. आपल्या आयुष्यावर वंशाचा कसा परिणाम झाला हे उमेदवाराने निवेदनात लिहावे, एवढी वाट शिल्लक आहे.

समग्र छाननीच्या या पद्धतीचे एक उणेपण येथील वाचकास लगेच जाणवेल. गुणवत्ता यादीत आपण कोठे थांबलो हे उमेदवारास आकड्याने कळते. समग्र छाननीत ते कळेलच असे नाही. निकष प्रसिद्ध असले तरी त्यांचे परस्परांतील वजन बहुधा संस्थेपाशीच राहते. भारतातही चेन्नई येथे १९९२ मध्ये साहाय्यकांचे प्रशिक्षण सुरू झाले आणि संलग्न व आरोग्यसेवा व्यवसायांसाठी संसदेने २०२१ मध्ये केलेल्या कायद्यात या व्यवसायाचा समावेश आहे. तेव्हा गुणांची यादी व माणसाची पारख यांचा मेळ कसा घालावा, हा प्रश्न आपल्याकडेही दूरचा राहिलेला नाही.

प्रवेश न मिळालेल्यांपैकी पुष्कळजण पुढील वर्षी पुन्हा अर्ज करतात. काही संस्था त्यांना उणिवा समजावून सांगतात, बऱ्याच सांगत नाहीत. मधल्या काळात हे उमेदवार रुग्णवाहिकेवर किंवा शुश्रूषागृहात पुन्हा कामाला लागतात, एखादा कच्चा राहिलेला विषय सायंकाळच्या वर्गात पुन्हा शिकतात आणि एप्रिलच्या अखेरीस नवा अर्ज खुला होण्याची वाट पाहतात.