लोखंडाची पारख

इ. स. १८८८ मध्ये बेळगावात सायकलींचे एक लहानसे दुकान निघाले. ते किर्लोस्कर बंधूंचे होते. पुढे लक्ष्मणराव किर्लोस्कर शेतकऱ्यांसाठी लोखंडी नांगर बनवू लागले. १९१० मध्ये औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी त्यांना कुंडलजवळचा माळ दिला व तेथे त्यांचा कारखाना उभा राहिला. तीच आजची किर्लोस्करवाडी. औंध आता सातारा जिल्ह्यात आहे, तर किर्लोस्करवाडी सांगली जिल्ह्यात. पहिल्या महायुद्धात लोखंडाची टंचाई पडली, तेव्हा नांगर कशाचे करावेत, असा प्रश्न उभा राहिला. त्या वेळी कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी पन्हाळगडावरील निकामी तोफा कारखान्याला दिल्या. तोफा भट्टीत वितळल्या आणि त्यांचे नांगर झाले.

त्या तोफा गडावर येणाऱ्या-जाणाऱ्या कितीतरी लोकांनी पाहिल्या असतील. पण त्यांत दडलेला नांगर पारखी नजरेलाच दिसला. टाकून दिलेल्या वस्तूत उपयोगाची वस्तू पाहता येणे, ही एक विद्याच होय. ती शिकण्यासाठी तोफच हवी असे नाही. मोडकी खुर्ची आणि जुनी सायकलही पुरते.

समजा, सांगलीजवळच्या कृष्णाकाठच्या एखाद्या गावातील मुलाला रोज सकाळी डेअरीत दूध पोचवायचे आहे. घरात जुनी सायकल आहे, पण तिला कॅरिअर नाही, आणि नवे घेण्याइतके पैसेही नाहीत. परड्यात मात्र मोडलेल्या लोखंडी खुर्चीच्या नळ्या, जुन्या खिडकीच्या पट्ट्या आणि फाटकी ट्यूब पडली आहे. एवढ्यातून कॅरिअर तयार होईल काय? अवश्य होईल, परंतु करवत हाती घेण्यापूर्वी ओझ्याची वाट ओळखली पाहिजे.

एक लिटर दुधाचे वजन सुमारे १.०३ किलोग्रॅम असते. म्हणजे दहा लिटरच्या दोन किटल्यांत साडेवीस किलोग्रॅमहून थोडे अधिक दूध मावते. किटल्यांचे वजन वेगळेच. हे सर्व ओझे अखेर जमिनीवर पोचायचे असते. कॅरिअरच्या चौकटीवरून ते दोन्ही बाजूंच्या उभ्या आधारांवर येते, आधारांवरून मागच्या चाकाच्या आसावर आणि चाकातून जमिनीवर. या वाटेवरील एक जरी दुवा कच्चा असला, तरी बाकीच्यांचे बळ व्यर्थ जाते. म्हणून आसाकडे जाणारे आधार सरळ हवेत. सरळ नळी मोठा भार सोसते. तीच मध्ये वाकलेली असली, की भार पडताच अधिक वाकू लागते.

सपाट रस्त्यावर ओझे खालच्या दिशेने दाबते. तेच कॅरिअर अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी वसलेल्या साताऱ्याच्या चढउतारांवर नेले, तर निराळाच अनुभव येतो. उतारावर ब्रेक दाबला, की ओझे पुढे रेटते. चढावर ते मागे ओढते. दोनच उभे आधार असतील, तर चौकट पुढेमागे डुलू लागेल. यासाठी तिसरा आधार सीटखालच्या दांड्याजवळ फ्रेमला बांधावा लागतो. त्यामुळे बाजूने पाहिले असता त्रिकोण तयार होतो. चार पट्ट्यांचा चौकोन कोपऱ्यात दाबला तर तिरपा होतो. तीन पट्ट्यांचा त्रिकोण मात्र आपला आकार सोडत नाही. पूल आणि छपरे बांधताना त्रिकोण वापरतात, त्याचे कारण हेच.

ओझे आसाच्या बरोबर वर, शक्य तितके खाली आणि दोन्ही बाजूंना सारखे असावे. ते आसाच्या फार मागे गेले, तर चढावर पुढचे चाक हलके होते व हँडल ताब्यात राहत नाही.

आता लोखंडाची पारख. गंज दोन प्रकारचा असतो. वरवरचा गंज कानसीने घासला, की खाली चकचकीत धातू दिसतो. असा तुकडा कामाचा. पण घासता घासता पापुद्रे सुटू लागले किंवा खड्डे दिसले, तर तो तुकडा बाजूला ठेवावा. एकदा वाकवून पुन्हा सरळ केलेली नळीही त्या जागी दुबळी झालेली असते. तिला रंग फासला, तर ती दिसेल सुंदर. पण बळकट होणार नाही.

निवडलेले तुकडे मापाने कापावे, कडा कानसीने बोथट कराव्यात आणि नटबोल्टांनी जोडावे. प्रत्येक नटाखाली वायसर घालावा. वेल्डिंगचे काम जाणत्या कारागिराकडूनच करून घ्यावे. शेवटी गंज रोखण्यासाठी रंग द्यावा. फाटक्या ट्यूबच्या लांब पट्ट्या कापल्या, की ओझे आवळण्यास उत्तम दोर मिळतात.

कॅरिअर तयार झाले, तरी त्यावर लगेच दूध ठेवू नये. आधी वाळूची पिशवी बांधावी. प्रथम पाच किलोग्रॅमची, मग दहाची, मग पंचवीसची. दर खेपेस सायकल हाताने चालवून पाहावे, की चाक घासते काय, पायाची टाच अडते काय, नट ढिले होतात काय. धावत्या सायकलीचा आधार तुटून आऱ्यांत अडकला, तर चाक जागच्या जागी थांबते आणि स्वार रस्त्यावर फेकला जातो. सांडलेले दूध दुसऱ्या दिवशी पुन्हा मिळेल. मोडलेला हात मात्र महिनोन्‌महिने त्रास देईल.

सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे गावचे कारागीर दत्तात्रय लोहार यांनी भंगारातील भाग जोडून एक छोटी चारचाकी गाडी तयार केली. मोटारसायकलीसारखी पायाने किक मारली, की ती सुरू होई. डिसेंबर २०२१ मध्ये तिची कीर्ती देशभर पसरली. उद्योगपती आनंद महिंद्रा यांनी त्यांच्या कल्पकतेची प्रशंसा केली. पण अशी गाडी रस्त्याच्या नियमांत बसत नाही, हेही सांगितले. पुढे २०२२ च्या जानेवारीत त्या गाडीच्या बदल्यात लोहार यांना नवी मोटार देण्यात आली. कल्पकतेचा गौरव झाला आणि सुरक्षिततेचा मानही राखला गेला.

भंगारातून वस्तू घडवणाऱ्याला दोन गोष्टी कळाव्या लागतात. टाकलेल्यातून काय उचलावे, ही पहिली. आणि उचललेल्यातूनही काय पुन्हा टाकून द्यावे, ही दुसरी. पहिलीने पैसा वाचतो, दुसरीने माणूस वाचतो.

स्वाध्याय

१. पन्हाळगडावरील तोफांचे काय झाले?
२. कॅरिअरला तिसरा आधार कशासाठी लागतो?
३. ‘पहिलीने पैसा वाचतो, दुसरीने माणूस वाचतो’ या वाक्याचा अर्थ स्पष्ट करा.
४. तीन व चार काड्या टोकांशी दोऱ्याने बांधून त्रिकोण व चौकोन तयार करा. कोपऱ्यात दाबून काय होते ते लिहा.