गोळी परत सुरू कर

मालवण

चि. सुहास यास,


काल वहिनीचा फोन आला होता. गणपतीचं बोलणं झालं आणि मग हळूच म्हणाली, सुहासने युरिक ऍसिडची गोळी बंद केलीय. अनशापोटी खायचा सोडा घातलेलं पाणी, वर गुळवेलीचा रस, एक वेळ जेवण, आणि पाय ठणकला की कुणाला न विचारता पेनकिलर. ऐकल्यापासून माझा जीव थाऱ्यावर नाही.

दादाचे हात विसरलास का रे? बोटांच्या पेरांवर गाठी, एखादी फुटली की खडूच्या भुकटीसारखं पांढरं यायचं. शेवटी शेवटी सदऱ्याची बटणं वहिनीच लावायची. त्यालाही मधूनमधून बरंच वाटायचं. अंगठा आठवडाभर सुजायचा, उतरला की महिनोन् महिने काही नाही. आत खडे साठतच होते. आणि त्या पेनकिलर! किडनी गेली तेव्हा डॉक्टरांनी आधी त्याच गोळ्यांचं विचारलं होतं.

गोळी सुरू केल्यावरच पाय जास्त सुजला, असं तू वहिनीला म्हणालास म्हणे. अरे, तसं होतं. जुने खडे विरघळायला लागले की पहिले काही महिने दुखणं उसळतं. म्हणून तर डॉक्टर कमी मात्रेने सुरुवात करून हळूहळू वाढवतात आणि सोबत सुजेची दुसरी गोळी देतात. नेमके तिथेच तू हात टेकलेस. अंगावर पुरळ उठलं तर मात्र गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना गाठायचं.

पथ्याला मी नाही म्हणत नाही. पण नुसत्या पथ्याने युरिक ऍसिडचा आकडा फार तर एकाने उतरतो. तुझा 9च्या वर आहे. रक्तातला आकडा 6.8च्या पुढे गेला की सांध्यांत खडे धरायला लागतात, म्हणून डॉक्टर तो 6च्या खाली आणायला सांगतात. हे अंतर सोड्याने कसं कापशील? उलट सोड्यातल्या मिठाने तुझं ब्लडप्रेशर वाढेल. उपाशी राहिल्यानेही दुखणं उसळतं. आणि गुळवेल आपल्या परसातली म्हणून निर्धोक, असं नाही. कोविडच्या काळात गुळवेल घेणाऱ्या काही रुग्णांच्या लिव्हरला इजा झाल्याचं मुंबईच्या डॉक्टरांनी नोंदवलं आहे.

आमटी बंद केलीस तीही परत सुरू कर. डाळी-पालकाने हा आजार वाढतो असं दिसलेलं नाही. बंद करायची ती बियर आणि बाटलीतली गोड पेयं. कलेजी नको. बांगडा, तारली, मांदेली कधीतरी, आणि सुकट तर जिभेपुरतीच. ताक-दही रोज घे, पाणी भरपूर पी. सांधा सुजला की शेकू नकोस, फडक्यात बर्फ गुंडाळून धर.

सुकटीचं लिहिताना हात अडखळला. दादा मुंबईला होता तेव्हा जाणाऱ्या-येणाऱ्याबरोबर सुकटीची चटणी, तिसऱ्यांचं सुकं पाठवायची मी. त्याचा पाय सुजतो हे ठाऊक होतं, पण धाकट्या बहिणीने थोरल्या भावाला काय सांगायचं, म्हणून गप्प बसले. तुझ्या बाबतीत गप्प बसणं मला जमणार नाही, म्हणून हे एवढं लांबलचक.

बोलले जास्त, मनाला लावून घेऊ नकोस. ऑफिसात दिवस काढून रात्री दोन वाजता अंगठा पेटतो, पांघरुणाचा स्पर्शही सोसवत नाही, आणि सकाळी पुन्हा बूट घालून निघावं लागतं. अशात कुणी 'हे पी, बरा होशील' म्हटलं तर माणूस पिणारच. त्यात तुझा काय दोष?

फक्त या आठवड्यात डॉक्टरांकडे जा. काय काय घेत होतास ते सगळं सांग, गुळवेलीसकट, आणि गोळी परत कशी सुरू करायची ते विचार. एकट्याला जायचं नसेल तर मी रात्रीच्या गाडीने पुण्याला येते. बाहेर बाकावर बसून राहीन, आत काही बोलणार नाही. गणपतीला पाय सुजलेला असला तर ओढत येऊ नकोस, विसर्जन झाल्यावर मीच येईन.

आणि मला फोनवर 'बरा आहे' म्हणत जाऊ नकोस. दुखत असेल तर दुखतंय म्हण. रात्रीचे दोन वाजले असले तरी फोन कर, मी जागीच असते.

तुझी
आत्या