फ्लॉक्स लावताय? आधी कोणता ते विचारा

रोपवाटिकेत नुसतं ‘फ्लॉक्स’ लिहिलेली पाटी दिसली की विकणाऱ्याला एक प्रश्न जरूर विचारा: हंगामी की बहुवर्षायू? आमच्या हिवरा आश्रम गावात काय, अख्ख्या मेहकर तालुक्यात काय, पुढचं सगळं या उत्तरावर ठरतं. माझ्या अंगणात दोन्ही लावून झाले आहेत.

बहुवर्षायू फ्लॉक्सची मुळं कुरिअरने आली होती. ‘एकदा लावा, वर्षानुवर्षं फुलं घ्या’ एवढीच माहिती सोबत. कोंब फुटले, रोपं हातभर वाढली, पावसाळ्यात एक-दोन किडकिडे तुरेही आले. परतीचा पाऊस सरला आणि पानांवर पीठ भुरभुरल्यासारखा भुरी रोगाचा पांढरा थर चढला. कोणी म्हणालं फवारा, कोणी म्हणालं युरिया घाला. युरियाने कोवळी लुसलुशीत पानं फुटली आणि भुरीला आणखी खाद्य मिळालं. उन्हाळ्याने उरलंसुरलं संपवलं.

ते झाड जगायचं नव्हतंच, याचं कारण त्याच्या माहेरात आहे. बहुवर्षायू फ्लॉक्स, शास्त्रीय नाव फ्लॉक्स पॅनिक्युलाटा, हा अमेरिकेच्या पूर्वेकडच्या रानांच्या कडेचा, ओढ्याकाठचा रहिवासी. तिथे हिवाळ्यात जमीन गोठते, झाड जमिनीपर्यंत वाळतं, मुळं कित्येक आठवडे थंडीत झोपतात आणि वसंतात नव्या जोमाने उठतात. आपल्याकडे कडाक्याची म्हणावी अशी थंडी जेमतेम काही रात्री टिकते. मुळांची झोप पुरी होत नाही, वर मे महिन्यात पारा चाळिशीपार. त्यात काळी माती: पावसाळ्यात पाणी धरून मुळं कुजवते आणि उन्हाळ्यात भेगाळून तीच मुळं तोडते. न्यू जर्सीत किंवा शिकागोकडे राहणाऱ्या लेकीसुनांच्या परसातला फ्लॉक्स फोटोत बघून हळहळू नका. त्यांनी मात्र लावताना ‘डेव्हिड’ किंवा ‘जीना’ अशी भुरीला दाद न देणारी जात निवडावी आणि दोन झाडांत दीड-दोन फूट मोकळं ठेवावं. भुरी तिथेही चुकत नाही.

आपल्यासाठी आहे तो हंगामी फ्लॉक्स, फ्लॉक्स ड्रमंडाय. हा टेक्सासच्या वाळूमिश्रित माळांवरचा. थॉमस ड्रमंड या स्कॉटिश वनस्पतिसंग्राहकाने तिथून पाठवलेलं बी १८३५ मध्ये इंग्लंडमध्ये रुजलं. ती फुलं बघायला ड्रमंड परतलाच नाही, त्याच वर्षी तो क्युबात वारला. झाडाला पुढे त्याचं नाव मिळालं. हे झाड एका हंगामात उगवतं, फुलतं, बी देतं आणि मरतं. आपला हिवाळा त्याला हवा तसाच आहे: कोरडा, लख्ख उन्हाचा, रात्री गार.

बी टाकायचं दसऱ्याच्या सुमाराला. ऑगस्टमध्ये घाई केली तर रोपं ओलीने कोलमडतात आणि दिवाळीनंतर टाकलं तर फुलं येईतो फेब्रुवारीचं ऊन तापायला लागतं. शुकदास महाराजांनी उभ्या केलेल्या आमच्या विवेकानंद आश्रमात पौषात विवेकानंदांचा जन्मोत्सव असतो. पुरी आणि वांग्याच्या भाजीच्या महाप्रसादाला लाखो माणसं येतात आणि घरोघरी पाहुणे असतात. दसऱ्याला टाकलेलं बी नेमकं या दिवसांत भरात येतं.

या बियांना उगवताना अंधार लागतो. वर नुसती भुरभुरून ठेवू नका, पाव इंच बारीक माती आणि चाळलेलं शेणखत त्यावर पसरा. ऑक्टोबरच्या उन्हात गोणपाटाची सावली करा आणि कोंब दिसताच काढून टाका, नाहीतर रोपं लांबुळकी होतात. मुळांना हलवलेलं या झाडाला मानवत नाही, म्हणून चार-सहा पानांवर असतानाच मातीसकट उचलून लावा.

वाफा मात्र गादीवाफाच हवा, वीतभर उंच. काळ्या मातीत जाड वाळू आणि जुनं शेणखत मिसळा. जुनं म्हणजे खरंच जुनं, हाताला चहाच्या भुकटीइतकं सुटं लागणारं. उकिरड्यावरचं ताजं शेण टाकलं की त्यातून हुमणी येते आणि झाड उभ्याउभ्या मान टाकतं. आपण पाणी कमी पडलं समजून आणखी पाणी घालतो.

रोपांत वीतभर तरी अंतर ठेवा. इथेच बहुतेकांचा हात आखडतो, कारण रोपं लहान असतात आणि वाफा रिकामा दिसतो. पण भुरीचं मूळ याच दाटीत आहे. मूग-उडदावर तुम्ही ती पाहिली असेलच. पुष्कळ बुरशांना रुजायला ओलं पान लागतं, भुरीला ते लागत नाही. दिवसा कोरडी हवा, रात्री दमट गारवा आणि झाडांत वारा खेळत नसला की तिचं भागतं. म्हणून ‘पाऊस नाही, मग रोग कुठून आला?’ हा प्रश्नच चुकीचा. भिंतीच्या सावलीत, पेरूच्या झाडाखाली फ्लॉक्स लावू नका, निदान सहा तास ऊन हवं. पाणी सकाळी, बुडाशी द्या. रोपं वीतभर झाली की शेंडे खुडा. झाड बसकं, फांद्यांनी भरलेलं होतं. खुडायला जीव होत नाही, पण खुडाच.

एखाद्या पानावर पांढरा ठिपका दिसला की ते पान तोडून जाळा, खताच्या खड्ड्यात टाकू नका. पसरतंय असं वाटलं तर पाण्यात मिसळणारं ८० टक्के गंधक, लिटरला २ ते ३ ग्रॅम, संध्याकाळच्या गारव्यात फवारा. पारा ३२ अंशांच्या वर असेल तर थांबा, पानं करपतात. निंबोळी तेल फवारलं असेल तर गंधक पुढचे दोन आठवडे नको. कृषी केंद्रात काउंटरवर ही दोन्ही औषधं शेजारी ठेवलेली असतात, पण हे अंतर राखायचं कोणी सांगत नाही. दुधाचा उपायही अगदीच खुळचट नाही. ब्राझीलच्या वाग्नर बेत्तिओल यांनी १९९९ मध्ये झुकिनीवरच्या भुरीवर पातळ केलेल्या दुधाचा चांगला परिणाम दाखवला होता. एक भाग दूध आणि नऊ भाग पाणी, उन्हात फवारायचं. थर चढायच्या आधी केलं तर उपयोग, नंतर नाही.

सुकलेले गुच्छ कापत राहिलात तर मार्चपर्यंत फुलं येतात. मग पानांच्या मागे लाल कोळी दिसू लागतो. तेव्हा फवारणीत पैसे घालू नका, झाडाचा काळ संपला आहे. त्याआधी दोन-चार चांगल्या गुच्छांना मलमलची पुरचुंडी बांधा. बोंडं पिकली की तडकन फुटून बी उडवतात, हातात काही उरत नाही. संकरित पाकिटाचं बी असेल तर पुढच्या वर्षी रंग तेच येतील असं नाही.

आणि एकदा लावून वर्षानुवर्षं फुलणारंच हवं असेल, तर पेंटास घ्या. तसेच पाच पाकळ्यांचे गुच्छ, तेच गुलाबी-पांढरे-जांभळे रंग, आणि फुलपाखरं तर त्यावर अधिकच येतात. पूर्व आफ्रिकेकडचं असल्याने ऊन त्याला नवं नाही, फक्त एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर थोडी सावली द्या. पावसाळ्यात बोटभर फांदी तोडून वाळूत खोचली की मूळ धरतं, शेजाऱ्यांना वाटायलाही पुरतं.